ओळखणारं पाणी

आमचे डॉक्टर ढग आला की काम थांबवायचे. म्हणजे खरंच थांबवायचे. मायक्रोस्कोपला डोळा लावलेला, खिडकीतलं ऊन आरशावर, आरशातून काचेवर, काचेतून डॉक्टरांच्या डोळ्यात, आणि मध्येच सावित्री नदीच्या अंगाने एखादा ढग सरकत आला की ते मान वर करायचे आणि म्हणायचे, "गेला उजेड. बाई, चहा ठेवा." मग ढग जाईपर्यंत चहा. पावसाळ्यात आमच्याकडे किती चहा व्हायचा ते विचारू नका. विजेच्या दिव्याचा मायक्रोस्कोप होता की आमच्याकडे, चांगला नवा, कापड घालून ठेवलेला. पण त्याच्या उजेडात पेशी दचकल्यासारख्या दिसतात असं डॉक्टरांचं म्हणणं. उन्हात त्या झोपलेल्या दिसतात. आता काचेवर चिकटवून रंगवलेली मेलेली पेशी ती, तिला झोप काय आणि जाग काय. पण हे त्यांना सांगायला गेलं की ते माझ्याकडेच दयेने बघायचे.

महाडात चवदार तळ्याच्या मागच्या बोळात त्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. पुढे लॅब, मागे दोन खोल्या, त्यामागे विहीर. मी तिथे टेक्निशियन. रक्त काढणं, लघवी तपासणं, रिपोर्ट लिहिणं आणि डॉक्टरांना वेळेवर जेवायला पाठवणं, सगळं माझ्याच गळ्यात. नव्वदनंतरची ती वर्षं. एमआयडीसीतले कामगार यायचे, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली माणसं यायची. डॉक्टर पूर्वी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात होते, परदेशातही राहून आले होते, आणि ते सगळं सोडून इथे का आले हे कोणालाच कळलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "तिकडे खिडकीत ऊन येत नव्हतं." आता या उत्तराने कोणाचं समाधान व्हायचं, तुम्हीच सांगा.

त्यांच्या कातडीची गंमत सगळ्या गावाला ठाऊक होती. हातावर नखाने रेघ ओढली की दोन मिनिटांत ती लाल व्हायची आणि फुगून वर यायची. पाटीवर लिहावं तसं ते हातावर लिहायचे. बाजारात निघताना मी सांगायचे, काडेपेटी आणा, साखर आणा, आणि ते डाव्या हातावर नखाने लिहून घ्यायचे. दुकानात पोचेपर्यंत अक्षरं उठलेली असायची. वाटेत कोणी बोलत उभं केलं की अक्षरं विरून जायची आणि डॉक्टर नुसताच हात हलवत परत यायचे. "साखर?" मी विचारायचे. "मिटली," ते म्हणायचे. बोळातली पोरं त्यांना गाठून आपापली नावं काढून घ्यायची. माझी आई म्हणायची, या माणसाला पित्त झालंय, कोकमाचं आगळ द्या. ते मुकाट्याने प्यायचे.

"पित्त नाही हो," ते मला म्हणायचे. "माझे राखणदार भित्रे आहेत. नखालाच चोर समजतात."

राखणदार म्हणजे मास्ट पेशी. या पेशींवर त्यांचं वेडं प्रेम. दुसऱ्या कुठल्याही पेशीबद्दल ते तिऱ्हाईतासारखे बोलायचे, पण मास्ट पेशी म्हटली की आवाज मऊ व्हायचा. गावाच्या वेशीवर राखणदार असतो ना, ज्याला आपण नारळ देतो, तशा या शरीराच्या वेशीवर असतात म्हणे. कातडीत, नाकात, आतड्यात, जिथे बाहेरचं आत येतं तिथे. प्रत्येकीच्या पोटात बारीक बारीक दाणे, चंचीत सुपारी-कात भरून ठेवावा तसे. चोर आला असं वाटलं की चंची उलटी करायची. मग कातडी लाल होते, सुजते, खाजते. कधी साऱ्या शरीरभर एकदम चंच्या उलटल्या तर माणूस जागेवर कोसळतो. गांधीलमाशी चावून मेलेली माणसं आपल्याकडे ऐकायला येतात, ती अशीच जातात. त्या चंचीत एक पदार्थ असतो, ट्रिप्टेज नावाचा. तो या पेशींची खूणच म्हणायची. ट्रिप्टेज दिसलं की समजावं, राखणदार इथे होता.

आणि हे ट्रिप्टेज ओळखणारी एक अँटिबॉडी आमच्या फ्रिजमध्ये होती. करंगळीच्या पेरापेक्षा लहान कुपी, तळाशी पाण्यासारखं काहीतरी. ते कातडीच्या पातळ कापावर टाकलं की हजार पदार्थांतून फक्त ट्रिप्टेजला जाऊन चिकटायचं, बाकी कोणाकडे ढुंकूनही बघायचं नाही. मग वरून दुसरी द्रावणं, शेवटी रंग. जिथे ती चिकटली असेल तिथे तपकिरी ठिपका, बाकी सगळं कोरं. परदेशातल्या कुठल्याशा मित्राने डॉक्टरांना पाठवली होती. मुंबईपर्यंत विमानाने आली आणि मुंबईहून महाडला आली आपल्या लाल एसटीने, थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून. डॉक्टर सकाळपासून स्टँडवर उभे. कंडक्टरने पेटी भिजू नये म्हणून मायेने इंजिनाच्या उबेला ठेवली होती. डॉक्टरांनी ती उचलली. पेटीवर छत्री धरून, स्वतः भिजत, पाण्यातून चालत घरी आले. पेटी उघडली तेव्हा बर्फाचा एक चतकोर शिल्लक होता. त्या चतकोराला त्यांनी हात जोडले.

ती अँटिबॉडी उंदराच्या पेशींपासून करतात हे मला त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून गणपतीत आमच्या लॅबच्या मूर्तीपुढे पहिला मोदक उंदराला. "देव काय, नंतर खाईल," ते म्हणायचे. "काम याने केलंय." भटजींनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला उंदराच्या विद्येची कल्पना नाही." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आरतीचं तबक उचललं.

आता व्रणांबद्दल सांगायला हवं. डॉक्टरांच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, मसुराएवढे गोल व्रण होते. लोक म्हणायचे, बिडीचे चटके घेतलेत, नवस असेल. खरं असं की कुठलीही तपासणी करताना डॉक्टर शेजारी जिचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशी एक काच ठेवायचे. रंग नीट चढतोय की नाही हे कळायला एक साक्षीदार लागतो. संशयाच्या काचेवर ठिपके दिसले नाहीत तर ठिपके नाहीतच, की औषधच मेलंय? साक्षीदाराच्या काचेवर ठिपके उठले तर औषध जिवंत आहे. हा साक्षीदार दुसरीकडे पेशंटच्या उरलेल्या तुकड्यातून घेतात. आमच्या डॉक्टरांना ते पटायचं नाही. "लोकांना का कामाला लावा," म्हणायचे, आणि स्वतःच्या हाताचा तुकडा काढायचे. डावा हात लिहायला, उजवा साक्षीला. ते डावखुरे नव्हते, पण हा तुकडा डाव्या हाताने काढायचे, आणि तो कधी सरळ निघायचा नाही. मलमपट्टी मी करायची आणि बोलायचेही मीच.

कुपी मात्र ते वापरायचे नाहीत. वर्षातून एखाद्या वेळी, ती जिवंत आहे का बघायला, स्वतःच्या कातडीवर एक थेंब. तेवढंच. "हिची वाट बघतंय कोणीतरी," म्हणायचे. मला वाटायचं, या माणसाला संसार नाही म्हणून ही थेरं.

मंगल आली ती भाद्रपदात. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या बाजूला डोंगरावरच्या वाडीत तिचं माहेर. गुरं आणि नाचणी, एवढीच त्या वाडीची मिळकत. सासर वरंधच्या वरच्या अंगाला, नवरा मुंबईत हॉटेलात कामाला. बरोबर तिची आई होती. काटक म्हातारी, डोक्यावर इरलं, कमरेला कोयती. मंगलच्या पोटावर, पाठीवर, मांड्यांवर तांबूस-काळे डाग. मूल झाल्यावर वाढत गेले होते. कोणीतरी आठवड्याच्या बाजारात म्हणालं, महारोग आहे. झालं. सासूने तिची थाळी गोठ्यात टांगली, मग तिलाच माहेरी पाठवली आणि मुलगा ठेवून घेतला. तीन-चार वर्षांचं पोर, गणू. मंगलने त्याला पाहून सहा महिने उलटले होते.

सरकारी डॉक्टरांनी डाग टोचून पाहिले होते, बधिर नाहीत, उलट खाजतात, म्हणजे महारोग नाही असं सांगितलं होतं. पण मग आहे काय, ते सांगता येईना, म्हणून तुकडा काढायला आमच्याकडे पाठवलं होतं.

"डाक्टर," म्हातारी म्हणाली, "तो रोग नाय म्हनतात. मंग कुठला हाय त्ये कोन सांगल? हिची सासू म्हनते, नाव नाय त्या रोगाचं, म्हंजी तो त्योच. नाव आना, मंग पोराला हात लावा."

 मंगल बाकाच्या टोकाला, कोणाला धक्का लागू नये अशी अंग चोरून बसली होती. डॉक्टरांनी तिच्या दंडावरच्या एका डागावर पेनचं टोपण हलकेच घासलं आणि घड्याळ न बघता नुसते बघत बसले. डाग लाल झाला, मग फुगला, गांधी उठावी तसा. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"हसतासा काय?" म्हातारी तडकली. "आमच्या पोरीचं तळपट झालंय आन तुम्ही हसतासा?"

डॉक्टरांनी बाही वर केली, आपल्या हातावर टोपण घासलं आणि हात मंगलच्या हाताशेजारी धरला. थोड्या वेळाने तीही रेघ उठली. म्हातारी दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत राहिली. मंगलने पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्हालाबी हाय?" तिने विचारलं.

"थोडं वेगळं," डॉक्टर म्हणाले. "पण भावकीतलंच."

तुकडा काढला. तो मेणात बसवून त्याचे काप करेपर्यंत काही दिवस जाणार, आणि तोवर वर त्यांच्या वाडीची वाट दरडीने बंद झाली. डॉक्टरांनी दोघींना मागची खोली दिली. म्हातारी पहाटे उठून अंगण झाडायची, आमच्या विहिरीचं पाणी शेंदायची आणि माझ्या चहाला नावं ठेवायची. मंगलने पहिल्या दिवशी आपला पेला वेगळा धुऊन कोपऱ्यात पालथा घातला. डॉक्टरांनी तोच उचलला आणि त्यातून पाणी प्यायले. मग म्हणाले, "आमच्या गावात पाण्यावरून एकदा जे व्हायचं ते होऊन गेलंय. आता पुन्हा नको." मार्चमध्ये तळ्यावर माणसांची रीघ लागते तेव्हा दारात माठ भरून ठेवून स्वतः डावाने पाणी देणारा माणूस तो. मंगलला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून पेला सगळ्यांच्या पेल्यांत आला.

निळ्या रंगाने रंगवलेली पहिली काच तयार झाली. त्या रंगात मास्ट पेशी निळ्या न दिसता जांभळ्या दिसतात. डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बोलावलं. मी पाहिलं. करवंदांनी जाळी भरावी तशी कातडी भरलेली होती.

"झालं की मग," मी म्हटलं. "लिहा रिपोर्ट."

"निळ्यात त्या पाठमोऱ्या दिसतात," ते म्हणाले. "मला तोंड बघायचंय. ती सासू तोंड बघितल्याशिवाय ऐकणार नाही." आणि फ्रिजकडे वळून म्हणाले, "मंगलच वाट बघत होती हिची."

तर त्याच दिवशी वीज गेली. वादळात कुठेतरी खांब पडले होते, दोन दिवस तरी येणार नाही असं कळलं. दुष्काळात तेरावा महिना. फ्रिज घाम सोडायला लागला. बर्फ आणायला गेले तर कारखानाही बंद. डॉक्टर विहिरीकडे गेले. आमच्याकडे उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून चरवी दोरीला बांधून विहिरीत सोडतात, तशी त्यांनी कुपी आणि बाकीच्या बाटल्या काचेच्या बरणीत घातल्या, झाकणाला मेण लावलं, बरणी कळशीत ठेवली आणि कळशी खाली सोडली. दोरी रहाटाला बांधली. मग काठावर बसून खाली बघत राहिले. खोल पाण्यात आभाळाचा एक तुकडा होता आणि त्याच्या मधोमध कळशी. रिमझिम चालू होती. किती वेळ बसले होते देव जाणे. मी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकूच आली नाही.

म्हातारी माझ्याजवळ आली. "काय सोडलं गो बाय, आडात?"

"औषध आहे, मावशी," मी म्हटलं. खरं तर औषध नव्हे, पण अँटिबॉडी तिला कशी सांगू? "मंगलचा रोग ओळखणारं पाणी आहे ते."

"वळखनारं पानी," ती म्हणाली, आणि मान डोलावली. तिला काही नवल वाटलं नाही. तिच्या वाडीत भगत पाणी मंतरून द्यायचा. ते दुखऱ्या जागी लावायचं आणि बाधा कसली आहे ते पाणीच सांगायचं. ओळखणारं पाणी तिला माझ्याआधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर दोघी विहिरीपाशी. मंगल पाठ उघडी करून बसलेली आणि म्हातारी तिच्या डागांवरून बोट फिरवत, तोंडाने काही पुटपुटत. बरणी उघडी. लहान कुपी म्हातारीच्या हातात. बाकीच्या बाटल्यांना तिने हात लावला नव्हता; डॉक्टर सगळ्यात जपून धरत होते ती ही, म्हणजे खरं पाणी हेच, एवढं तिने बरोबर हेरलं होतं.

"लावलं सगल्या डागांना," ती आनंदाने म्हणाली. "आता कवा सांगल?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. सगळं मुसळ केरात. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही आणि आठवलं तरी लिहिण्यासारखं नाही. जगात अशी कुपी पुन्हा मागवायची तर कोणाला सांगायचं, ती कधी यायची, तोवर त्या पोराचं काय. म्हातारीचं तोंड उतरत गेलं. मंगलने पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला कळलं होतं. गणूपाशी पोचायची जी एक वाट होती ती आईच्या बोटाने पुसली होती.

डॉक्टर बाहेर आले. मी सांगितलं. ते विहिरीच्या काठावर म्हातारीशेजारी बसले आणि कुपी उजेडाकडे धरून पाहत राहिले.

"कुठल्या डागापासून सुरुवात केलीत?" त्यांनी विचारलं.

म्हातारीने भीतभीत मानेखालचा डाग दाखवला. "वळखायचं तर मानसाला लावाया नको?" ती म्हणाली.

"लावायला हवंच," डॉक्टर म्हणाले. "आम्हीही लावतोच. फक्त आम्ही थोडंसंच माणूस घेतो."

मग त्यांनी कुपी माझ्या हातात दिली आणि टकटक करायला सांगितलं. मी इतकी रागावले होते की टकटक जोरातच झाली. बुचाला चिकटलेलं, काचेच्या अंगाला राहिलेलं, सगळं तळाशी उतरलं. त्यात थोडं पातळ करायचं द्रावण घातलं. जमला तो एक थेंब. एका काचेपुरता.

"एक थेंब," मी म्हटलं. "मंगलची काच करा. साक्षीदार वगळा यावेळी."

"साक्षीदाराशिवाय मी कधी केलेलं नाही."

"मग काय हवेत करणार?"

 ढग आला नव्हता तरी त्यांनी चहा मागितला. चहा पिता पिता स्वतःच्या हातावरच्या शेवटच्या व्रणाकडे बघत होते. मग उठले, मेणात ठेवलेल्या त्यांच्या तुकड्याचा एक काप काढला, मंगलच्या तुकड्याचा एक, आणि दोन्ही एकाच काचेवर ठेवले, अगदी शेजारी शेजारी, मध्ये केसाएवढी जागा सोडून. तो एक थेंब असा ठेवला की दोघांवर पसरला. काच ओलं फडकं घातलेल्या पोळ्यांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. डबा उघडू नये म्हणून म्हातारी स्वतः त्याच्याजवळ पहाऱ्याला बसली. कोणाला म्हणून जवळ येऊ देईना. मलाही नाही.

बाकीचे रंग चढवून झाले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. आम्ही तिघी आणि डॉक्टर, खिडकीपाशी, उन्हाची वाट बघत.  मग विहिरीच्या बाजूने पिवळं ऊन आलं, आरशावर पडलं, आणि डॉक्टरांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आलंय," ते म्हणाले. "दोघांचंही."

डावीकडे डॉक्टरांची कातडी, त्यात इथे-तिथे विखुरलेले थोडे तपकिरी ठिपके. उजवीकडे मंगलची, ठिपक्यांनी गच्च. एवढे राखणदार एका ठिकाणी मी कधी पाहिले नव्हते. तो तपकिरी रंग उडत नाही. डॉक्टरांना जाऊन आता वर्षं झाली, लॅबच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, पण ती काच माझ्या कपाटात आहे. अधूनमधून खिडकीशी धरते. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, दोन धुरकट पुसटसे डाग दिसतात. तरी धरते. बरं वाटतं.

रिपोर्ट लिहिला. रोगाचं नाव लिहिलं. वाट मोकळी झाल्यावर मंगलचा भाऊ वाडीहून आला आणि त्याने तो सासरी नेऊन दिला. सासूने परत पाठवला. "कागुद कुनीबी लिवतं," असा निरोप आला. मंगलने तो ऐकला आणि आत जाऊन पेले घासायला लागली. घासलेलेच पुन्हा घासत होती.

डॉक्टर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? तिला तोंड बघायचंय." आणि आरशाचा मायक्रोस्कोप पेटीत भरला.

आम्ही चौघं निघालो. एसटीने वरंधपर्यंत, पुढे चढण. पेटी डॉक्टरांनी कोणाला धरू दिली नाही, घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरून चालत होते. धुकं इतकं की पुढच्याची पावलं तेवढी दिसायची आणि वरून कुठूनतरी गुरांच्या घंटा ऐकू यायच्या. वाडीच्या तोंडाशी जांभळीखाली मंगलची आई थांबली. "त्या घराची पायरी मी चढायची नाय," ती म्हणाली. "मला बोलावनं नाय." आणि फतकल मारून बसली. मंगल आमच्याबरोबर आली ती अंगणाच्या कडेपर्यंत. पुढे आली नाही.

सासू ओटीवर होती, उंच, पांढरे केस, नाकावर माशी बसू न देणारी. दाराआडून एक पोर बघत होतं. आईला बघूनही ते हललं नाही. सहा महिने म्हणजे त्या वयाला फार होतात. मंगलने त्याच्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

"मावशी, जरा अंगणात उखळाजवळ जागा द्या," डॉक्टर म्हणाले. "ऊन येईल आता." उखळावर पाट, पाटावर मायक्रोस्कोप. ऊन मात्र येईना. डॉक्टर उखळाशेजारी बसले, बाही वर केली, आणि दाराआडच्या पोराकडे न बघता डाव्या हातावर नखाने काहीतरी काढायला लागले. चित्र उठत गेलं. पोर दाराबाहेर एक पाऊल आलं. मग दुसरं.

"काय आहे सांग," डॉक्टर म्हणाले.

"कुत्रा," पोर म्हणालं.

"रेडकू आहे रे ते."

"रेडकाला शेपूट आसं नसतं," पोर म्हणालं आणि बोटाने त्यांचा हात चाचपून बघायला लागलं. सासूने ओटीवरून पाहिलं. एक पायरी उतरली.

तेवढ्यात धुकं फाटलं आणि ऊन आलं. डॉक्टरांनी आरसा फिरवला. "बघा, मावशी. एक डोळा मिटा."

ती वाकली. पुष्कळ वेळ तिला काही दिसेना, मग दिसलं असावं, कारण ती स्तब्ध झाली.

"ह्ये तपकिरी काय हाय?"

"शरीराचे राखणदार. सगळ्यांच्या अंगात असतात. तुमच्याही. मंगलच्या अंगात जास्त झालेत, म्हणून डाग. हा रोग तिच्याकडून कोणाकडे जात नाही. तिच्यातूनही पुरता जाणार नाही, हेही खरं सांगतो. गांधीलमाशीपासून तिला जपा, तेवढंच."

"आन ह्या अंगाला थोडं हायेत ते कुनाचं?"

"ते माझे."

सासूने डोळा काढला. "तुमचे म्हंजी?"

"माझी कातडी आहे ती. ही बघा, इथली." त्यांनी उजवा हात पुढे केला.

ती त्या हातावरच्या व्रणांकडे बघत राहिली. मग पुन्हा वाकून आत बघितलं, मग पुन्हा हाताकडे.

"एकाच काचंवर?" तिने विचारलं. "तुमची कातडी आन हिची? चिकटून?"

"एकाच थेंबाखाली. थेंब एकच होता."

"किती दिस झाले?"

"झाले बरेच."

तिने त्यांचा हात धरला. उलटा केला, सुलटा केला, बोटांच्या बेचक्या बघितल्या, नखं बघितली, बाजारात बैल बघावा तसा निरखून बघितला. आमचा रिपोर्ट, सरकारी डॉक्टरांचं टोचणं, रोगाचं नाव, यांतलं काही तिच्या मनाला शिवलं नव्हतं. शिकलेल्या एका माणसाने आपली कातडी तिच्या सुनेच्या कातडीला लावली होती आणि त्याच्या हातावर फक्त रेडकू उठलं होतं. तेही आता मिटत आलं होतं. आणि मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आमच्याकडे थेंब दोन असते तर काचा दोन झाल्या असत्या.

तेवढ्यात पुन्हा धुकं आलं. डॉक्टरांनी मान वर केली आणि, आपण कोणाच्या अंगणात आहोत हे विसरून, सवयीने म्हणाले, "गेला उजेड. चहा ठेवा."

मी शरमेने मेले. त्या घराने आम्हाला अजून पाणीदेखील विचारलं नव्हतं.  सासू डॉक्टरांचा हात धरूनच उभी होती. मग तिने मान न वळवता अंगणाच्या कडेकडे तोंड करून म्हटलं,

"ऐकाया नाय आलं का गो तुला? पावनं च्या मागतात."

मंगलला कळलंच नाही. ती तशीच उभी राहिली. मग कळलं तशी चालत आली, अंगणातून, उखळाजवळून, ओटी चढून आत गेली. गणू डॉक्टरांचा हात सोडून दारापर्यंत गेला, थांबला, आणि मग तिच्या मागोमाग आत गेला. आतून भांड्याचा आवाज आला. मी धुक्याकडे तोंड करून डोळे पुसले. डॉक्टरांनी उघड उघडच पुसले.

जांभळीखाली निरोप गेला. म्हातारी वर आली, पण ओटीवर न बसता पायरीवर बसली. मंगलने सगळ्यांना चहा दिला. सासूने बशीत ओतला, फुंकला आणि प्यायली. ते बघून म्हातारीने आपला पेला उचलला.

"मी म्हनलंच व्हतं," ती डॉक्टरांना म्हणाली. "अंगाला लावल्याबिगर ते पानी वळखायचं नाय."

"खरं आहे, आजी," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही लावलंत म्हणूनच झालं."

धुकं अजून होतंच. ते जायची कोणाला घाई नव्हती.